अण्णांचा उरलेला शब्द

अण्णांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली त्या दिवशी त्यांच्या डोक्यात किती शब्द होते हे कुणी मोजलेलं नाही, पण लाखाच्या घरात सहज असतील. सगळी नोकरी त्यांनी शब्दकोशाच्या कचेरीत काढली होती. एकेक इंग्रजी शब्द घ्यायचा, तो कुठल्या गावचा हे शोधायचं, त्याचे अर्थ एकाखाली एक लावायचे आणि आपल्या भाषेतला शोभेलसा जोडीदार त्याला बघून द्यायचा. स्वतःच्या मुलाच्या लग्नातसुद्धा त्यांनी इतका जीव घातला नव्हता. हॉस्पिटलातून ते घरी आले तेव्हा उजवी बाजू लुळी पडली होती आणि लाखातला एकच शब्द तोंडात उरला होता. बॉश.

हा त्यांचा लाडका शब्द. कचेरीत एखाद्याने पुराव्याशिवाय अर्थ ठोकून दिला की अण्णा त्याची चिठ्ठी दोन बोटांत धरून परत करायचे आणि म्हणायचे, "बॉश." घरी वर्तमानपत्र वाचतानाही अधूनमधून हा शब्द ऐकू यायचा, आणि कुणी पाहुणा त्याचा अर्थ विचारण्याची चूक करून बसला तर त्याचा चहा निवलाच म्हणून समजा. "शब्द तुर्की आहे, बरं का," अण्णा सुरू करायचे. "मूळ बोश. म्हणजे रिकामं. रिकामं भांडं, रिकामी खुर्ची. एका जुन्या इंग्रजी कादंबरीतून तो लोकांच्या तोंडी बसला आणि इंग्रजांनी त्याचा अर्थ करून टाकला, बाष्फळ बडबड. बघा, भांड्याचा शब्द माणसाला लागला." मग तुर्की लोक 'बोश वेर' म्हणतात ते, म्हणजे सोडून दे, जाऊ दे, मग आपल्या घरातली कैचीसुद्धा तुर्कीच कशी, हे सगळं ओघाने यायचं. त्यांच्या बायकोने, माईंनी, हे इतक्यांदा ऐकलं होतं की भाजी निवडता निवडता त्यांचं पुढचं वाक्य त्या मनात आधीच म्हणून टाकायच्या. ऐकून कधी कंटाळल्या नाहीत असं म्हटलं तर ते खोटं होईल.

डॉक्टरांनी समजावलं की अण्णांना कळतं सगळं, फक्त बोलायला गेलं की तोच एक शब्द बाहेर पडतो. असं होतं पुष्कळांचं. कुणाच्या तोंडी शिवी उरते, कुणाच्या देवाचं नाव. माईंना वाटलं, त्या मानाने आपलं बरंच म्हणायचं.

पहिले काही दिवस गोंधळाचे गेले. पाणी हवं, बॉश. उशी टोचते, बॉश. खिडकी लावा, उघडा, दिवा, पंखा, सगळं बॉश. पण इतकी वर्षं एका छपराखाली काढलेल्या बाईला नवऱ्याचा आवाज काय परका असतो? कुठल्या बॉशला शेपूट लांब आहे, कुठला नाकातून आला, कुठल्याच्या आधी भुवई चढली, यावरून माई अर्थ लावायला लागल्या. बऱ्याचदा तो बरोबरही निघायचा. हळूहळू सगळे जण अण्णांकडे न बघता माईंकडेच बघायला लागले. अण्णा बोलायचे, माई सांगायच्या.

आता इथे माईंची एक जुनी खोड सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं नीट कळेल. माई कधीही 'मला नको' असं म्हणत नसत. त्या म्हणायच्या, "ह्यांना चालत नाही हो." शेजारच्या बायकांनी सहलीला बोलावलं, ह्यांना चालत नाही. नणंदेने घरातलं जुनं कपाट मागितलं, मी दिलं असतं गं, पण ह्यांचा जीव आहे त्याच्यावर. बिचाऱ्या अण्णांना त्या कपाटाचा रंगसुद्धा सांगता आला नसता. दुसऱ्याच्या खांद्यावरून बंदूक चालवायची ही कला बऱ्याच बायकांना येते, जिला येत नाही तिचं संसारात कठीण असतं. पण माईंचा नेम फारच पक्का होता. अण्णांना आपल्या खांद्याचा हा उपयोग ठाऊक होता की नाही कोण जाणे. पुस्तकात डोकं असलं की खांद्याचं भान कुणाला राहतं?

आणि आता तर हा खांदा कायमचा पलंगावर, ऐनवेळी नाही म्हणायला तोंड नाही. माईंनी आधी चांगल्या कामापासूनच सुरुवात केली. कचेरीतला एक सहकारी भेटायला आला. त्याला सगळे 'पूर्णविराम' म्हणायचे, कारण तो पूर्णविराम द्यायचा विसरायचा आणि अण्णा ते लाल शाईने भरत बसायचे. त्याने आपला छापून आलेला लेख अण्णांना वाचून दाखवला, तोही श्वास न घेता. संपल्यावर अण्णा म्हणाले, "बॉश."

पूर्णविरामाचा चेहरा उतरला.

"छान झालाय म्हणतात," माई म्हणाल्या. "तुमची भाषा पूर्वीपासूनच ह्यांना आवडते. सांगायचं राहून गेलं म्हणतात."

तो माणूस ओक्साबोक्शी रडला. सबंध नोकरीत अण्णांनी त्याला चांगलं म्हटलं नव्हतं. अण्णा डोळे मोठे करून बायकोकडे बघत राहिले आणि माईंनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं केलं. त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना अण्णांकडून शाबासकी मिळाली, फोनवर सुनेला आशीर्वाद मिळाले, दूधवाल्याला चौकशी मिळाली. लोक म्हणायला लागले, आजारपणाने अण्णा किती मऊ झालेत. माईंना त्यात वावगं वाटलं नाही. हे शब्द नवऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांचीही हौस राहिलीच होती.

पण गोड बोलून पलंगावरचा माणूस हलका होत नाही. त्याला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, रात्री तीनतीनदा उठायचं. माईंचे गुडघे आधीच कुरकुरत होते. मुलगा परगावाहून फोन करायचा, "आई, कुणी बाई ठेवूया का?" आणि माई म्हणायच्या, "ह्यांना परक्या माणसाचा हात चालत नाही रे." खरं म्हणजे परकं माणूस घरात माईंनाच नको होतं. आपलं स्वयंपाकघर, आपली झोपायची वेळ, आपलं रडणं दुसऱ्याने बघितलेलं त्यांना खपलं नसतं.

मग ते दूध करपलं.

भर सकाळी माईंनी गॅसवर दूध ठेवलं, जरा टेकावं म्हणून स्टुलावर बसल्या आणि भिंतीला डोकं लावून झोपल्या. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं काळं झालं, धूर खोलीत यायला लागला. पलंगावरून अण्णांना स्वयंपाकघराचं दार सरळ दिसायचं. त्यांनी हाक मारली, बॉश. पुन्हा मारली. मग जिवाच्या आकांताने ओरडायला लागले. माई दचकून उठल्या, डोळे अर्धे मिटलेले, आणि लगबगीने काय केलं असेल? पेला भरला आणि अण्णांच्या तोंडाला लावला. "हो, हो, आणलं पाणी, किती ते ओरडायचं." अण्णांनी डाव्या हाताने पेला उडवला. माईंना राग आला. त्या खाली वाकून पाणी पुसायला लागल्या, तोवर वकीलबाई धापा टाकत जिना चढून आल्या होत्या आणि त्यांनी धावत जाऊन गॅस बंद केला.

वकीलबाईंनी त्याच दुपारी मुलाला फोन केला, आणि चांगलंच केलं.

मुलगा दुसऱ्या दिवशी हजर. त्याने काळं पातेलं बघितलं, आईच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघितली आणि जेवण झाल्यावर विषय काढला. त्याच्या घराजवळ एक केअर सेंटर होतं. नर्स असते, डॉक्टर येतात, तो रोज ऑफिसातून येताना डोकावेल. आई त्याच्याकडे राहील.

"आई, असं किती दिवस ओढणार तू?"

"मला काय विचारतोस? ह्यांना विचार."

मुलगा पलंगाशी वाकला. "अण्णा, माझ्याकडे यायचं? तिथे सगळी सोय आहे."

"बॉश," अण्णा म्हणाले.

"नाही म्हणतात," माई लगेच म्हणाल्या. "हे घर सोडायचं नाही म्हणतात. स्पष्ट म्हणतायत."

मुलगा आईकडे बघत राहिला. लहानपणी सायकल हवी होती तेव्हाही 'ह्यांना चालत नाही' हेच उत्तर मिळालं होतं, आणि मोठेपणी अण्णांना विचारलं तर त्यांना सायकल आठवतही नव्हती. पण त्याने त्या वेळी वाद घातला नाही.

आठवड्यातून दोनदा बोलणं शिकवायला एक तरुण मुलगी यायची. माई तिला मास्तरीण म्हणत. ती अण्णांकडून आ, ऊ असे आवाज करून घ्यायची, गाण्याच्या चालीवर शब्द म्हणवून घ्यायची, पण बॉश काही हटत नव्हता. म्हणून अलीकडे तिने दुसरी वाट धरली होती. डावा हात चांगला होता. पंजा उघडला की हो. मूठ वळली की नाही. माईंनी पहिल्या दिवशीच नाक मुरडलं होतं. "झाकली मूठ बरी असते गं. आणि एवढं कशाला? मला कळतं की सगळं."

"कळतं हो आजी," मास्तरीण म्हणाली होती. "पण त्यांनाही कधीतरी स्वतः सांगावंसं वाटत असेल."

त्या दिवशी ती आली तेव्हा मुलाने तिला बाहेर थांबवून काहीतरी सांगितलं. ती आत येऊन अण्णांजवळ खुर्ची ओढून बसली.

"आजोबा, आधी सोपे प्रश्न. हा तुमचा मुलगा?"

पंजा उघडला.

"या तुमच्या बहीण?" तिने माईंकडे बोट केलं. मूठ इतक्या झटक्यात वळली की मुलगा हसला.

"चहात साखर हवी?"

पंजा. माई गडबडल्या. हॉस्पिटलातून आल्यापासून त्या अण्णांना बिनसाखरेचा चहा देत होत्या. डॉक्टरांनी साखर बंद केलेली नव्हती. माईंनाच वाटलं होतं, आजारी माणसाला नको. आणि विचारणाऱ्याला त्या सांगत होत्या, ह्यांनी स्वतःहून सोडली.

"मागे तुमचे कचेरीतले मित्र आले होते. त्यांचा लेख आवडला?"

मूठ. अण्णांनी ती पलंगावर दोनदा आपटलीसुद्धा. मुलगा पुन्हा हसला, मास्तरीणही हसली. माईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एरवी त्याही हसल्या असत्या, पण पुढचा प्रश्न कुठला आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मुलाने विचारला. "अण्णा, माझ्या घराजवळ त्या सेंटरमध्ये यायचंय?"

अण्णांनी हाताकडे बघितलं. मग पंजा उघडला. पाचही बोटं चादरीवर पसरली.

"त्यांना कळलं नसेल," माई म्हणाल्या. "पुन्हा विचार."

मास्तरणीने तोच प्रश्न उलटा करून विचारला, "इथेच राहायचंय?" मूठ वळली. शंकेला जागा उरली नाही.

माईंना वाटलं, कुणीतरी भर बाजारात आपल्याला खोटं पाडलं. आणि त्याहून वाईट म्हणजे हा माणूस मला सोडून जायला तयार आहे. मी रात्री उठते, मी भरवते, ह्याच्या एका शब्दाला लाख अर्थ पुरवते, आणि हा पंजा पसरतो. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. काळं पातेलं घासायचं राहिलं होतं. ते घेऊन घासायला लागल्या, पण आवाज होऊ नये इतक्या हळू, कारण कान खोलीतच होते.

"इथे काही त्रास होतो, अण्णा?" मुलगा विचारत होता. हाताचं उत्तर माईंना दिसत नव्हतं. "नाही? मग आईवर रागावलात?" आणि जरा वेळाने, "तेही नाही." शेवटी त्याने अगदी हळू विचारलं, "तिचे हाल होतात, म्हणून जायचंय?"

माई दारात येऊन उभ्या राहिल्या, हाताला पातेल्याचं काळं लागलेलं तसंच. अण्णांचा पंजा उघडा होता. ते भिंतीकडे तोंड करून होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. एका हाताने ते पुसता येईना, कारण तो हात उत्तर देत होता.

माईंच्या मनात तेव्हा काय झालं ते सांगायचं तर साधंच आहे. त्यांना लाज वाटली. करपलेल्या दुधाच्या दिवशी हा माणूस आपल्यासाठी ओरडत होता आणि आपण त्याला पाणी पाजत होतो. नुसतं त्या दिवशीच नाही. रिकाम्या शब्दात आपण रोज आपल्याला हवं ते भरलं, आपलंच बोलणं त्याच्या तोंडून ऐकलं, आणि त्याला काय म्हणायचंय ते एकदाही विचारलं नाही. आयुष्यभर त्याच्या नावावर नाही म्हटलं. आता त्याने आपल्यासाठी हो म्हटलं, तर आपल्याजवळ उत्तर द्यायला स्वतःचं वाक्य नाही.

मुलाने मागे वळून बघितलं. "आई, त्यांनी सांगितलं त्यांचं. आता तू सांग. तुला काय हवंय?"

"ह्यांना..." माईंनी सवयीने सुरुवात केली आणि त्या थांबल्या.

कुणीही मदत केली नाही. मास्तरीण, जिचं कामच माणसांना बोलतं करायचं, तीसुद्धा गप्प बसून राहिली. माईंनी हात पदराला पुसले. घसा खाकरला. नव्या नवरीसारख्या त्या जमिनीकडे बघत होत्या.

"मला," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा थांबल्या. "मला हे इथे हवेत. घर नको सोडायला असं ते कधी म्हणाले नव्हते, मीच म्हणत होते. मला ह्यांच्याशिवाय करमायचं नाही. तुझ्या घरी मी पाहुणी होईन आणि हे तिथे नंबर होतील. मला नाही ते सोसायचं." आता गाडी सुटली होती. "आणि मी थकलेय. मला होत नाही एकटीला. बाई मलाच नको होती, ह्यांचं नाव घेतलं मी. रात्रीला बाई ठेव. दिवसाही एक ठेव, उचलायला. माझ्या स्वयंपाकघरात आली तर येऊ दे. मला रात्रभर झोप हवीय रे."

मुलगा आईकडे बघत राहिला. एवढं लांब, एवढं स्वतःचं बोलणं त्याने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "मग आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता खिशातून फोन काढून देखभालीला बायका पुरवणाऱ्या एजन्सीचा नंबर शोधायला लागला. त्याचेही डोळे भरले होते, आणि फोनमध्ये तोंड घालायला त्याला हे निमित्त बरं मिळालं.

अण्णांनी मान वळवून माईंकडे बघितलं होतं. त्यांचा पंजा अजून चादरीवर तसाच उघडा होता, जायला तयार. माई येऊन पलंगाच्या कडेला बसल्या. मास्तरीण उठून खुर्ची मागे घेत होती, माईंनी तिला खुणेने थांबवलं. नवऱ्याला नेमकं कसं विचारायचं हे त्यांना अजून येत नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी सांगितलं माझं. आता तुमचं सांगा. मी अर्थ लावणार नाही. अजून जायचंय तुम्हाला?"

अण्णांच्या तोंडून शब्द निघाला नाही. बोटं हलली, थांबली. सबंध आजारपणात माई त्यांना घास चावून होईपर्यंतही थांबल्या नव्हत्या, पुढचा चमचा तयार असायचा. आता त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. बाहेर मुलगा फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होता. अण्णांचा अंगठा आत वळला, मग एकेक बोट त्याच्यावर आलं, आणि मूठ इतकी घट्ट वळली की चादरीची चुणी तिच्यात सापडली.

"कळलं," माई म्हणाल्या, आणि साखर घालून चहा करायला उठल्या.